दिवाणसाहेबांचा पेला

हरणगड संस्थानात पटकीची साथ आली आणि देवळाजवळच्या विहिरीचं पाणी बंद झालं. दिवाण त्रिंबकरावांनी दवंडी पिटवली, पहारा बसवला, तरी लोक चोरून पाणी भरत, कारण ते दिसायला अगदी नितळ होतं. मग संस्थानच्या डॉक्टर बनूताईंनी आपलं सूक्ष्मदर्शक यंत्र भर बाजारात मांडलं. बायाबापड्या घरच्या हंड्यातलं पाणी आणून यंत्रात डोकावू लागल्या आणि त्यातले वळवळणारे जंतू पाहून हंडेच्या हंडे ओतून देऊ लागल्या.

दिवाणांना हा आपला अपमान वाटला. भर दरबारात ते कडाडले, "अडाण्यांना यंत्रं कसली दाखवता? आम्ही सांगितलं की त्यांनी मानायचं! सरकार, यंत्र जप्त करा आणि या बाईंना हद्दपार करा."

राजेसाहेबांनी बनूताईंकडे पाहिलं. यंत्र गेलं, तर गाव पुन्हा त्याच विहिरीवर जाणार होतं. बनूताईंनी सोबत आणलेल्या बाटलीतून पेला भरला आणि दिवाणांपुढे धरला.

"त्याच विहिरीचं पाणी आहे. मी उकळून आणलंय, आता निर्धोक आहे. घ्या."

दिवाणांनी पेला उजेडात धरून न्याहाळला, पण तो ओठांना लावायचा त्यांना धीर होईना.

"आधी... आधी यंत्रातून दाखवा," ते पुटपुटले.

"दिवाणसाहेब, लोकही एवढंच म्हणतात," असं म्हणून बनूताईंनी पेला घेतला आणि स्वतःच घटाघटा रिकामा केला.

राजेसाहेब हसले नाहीत. "यंत्र बाजारातच राहील," ते म्हणाले, "आणि दिवाणजी, उद्या यंत्रापुढच्या रांगेत तुम्हीही उभे राहा."