धुक्यातलं गाऱ्हाणं

कुठल्या साली ते मला विचारू नका. खूप खूप वर्षांपूर्वी एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, एवढं धरून चाला. लहानांनी पुढे सरकून बसा. मोठ्यांनी मागे बसून ऐकत नसल्याचं सोंग केलं तरी चालेल, कारण ही गोष्ट खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

गावाच्या टेकाडावर ग्रामदेवीचं देऊळ होतं आणि समोर, खाडीच्या मधोमध, वाळूचा एक लांबट पट्टा होता. ओहोटीला तो उघडा पडायचा, भरतीला पुरुषभर पाण्याखाली जायचा. ओहोटी लागली की गावच्या बायका टोपल्या घेऊन तिथे जायच्या आणि वाळू उकरून तिसऱ्या काढायच्या. त्या शिंपल्यांच्या कालवणावर गावाचं अर्धं जेवण व्हायचं. येण्याजाण्याची वाट एकच, कमरेएवढ्या पाण्यातली. तिच्या दोन्ही बाजूंना माणूस गिळणारा चिखल. परत येताना बायका देवळाचा कळस नाकासमोर धरून सरळ चालायच्या. कळस दिसतोय तोवर पाय चुकत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

एका सकाळी नऊ जणी पट्ट्यावर गेल्या. त्यांत देवीच्या म्हाताऱ्या गुरवाची एकुलती एक लेक सगुणा होती. गावच्या मानकऱ्याची बायकोही होती. ज्याचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नाही, तो मानकरी.

ऊन चांगलं वर आलं होतं आणि समुद्राकडून धुकं आलं.

तुम्ही म्हणाल, धुकं तर आम्हीही पाहिलंय. असलं नाही पाहिलेलं. त्याला गारवा नव्हता, ओल नव्हती. वारा नसताना ते चालत आलं. आधी खाडी गेली, मग होड्या गेल्या, मग समोरच्या माणसाचा चेहरा गेला. कावळे ओरडायचे थांबले. कुत्री शेपट्या पायांत घालून चुलीमागे जाऊन बसली. हे सगळं भर दिवसा, बरं का.

गाव घाबरलं. भरतीला अजून वेळ होता, पण बायकांना कळस दिसणार नव्हता. मग ज्याने त्याने आपापल्या दारातून, बांधावरून, माडाखालून हाका मारायला सुरुवात केली. कुणी बायकोला, कुणी आईला, कुणी सुनेला.

"सगुणाऽऽ!" गुरवाने हाक मारली.

थोडा वेळ काहीच नाही. मग समुद्राच्या बाजूने आवाज आला, "सगुणाऽऽ..."

आवाज गुरवाचाच होता. पण सावकाश, आणि हसू दाबून बोलल्यासारखा. मग डावीकडून मानकऱ्याचा आवाज आला, उजवीकडून कुणाच्या सासूचा. गावाने मारलेली एकेक हाक धुकं वेगळ्याच दिशेने परत मारू लागलं.

गावचा तारी, म्हणजे होडीवाला, धीट गडी होता. "बायका तिकडंच असणार. मी आणतो त्यांना," म्हणून त्याने होडी लोटली. बराच वेळ वल्ह्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. पुष्कळ वेळाने होडी निघाली त्याच काठाला येऊन टेकली. तारी तिच्यात पांढराफटक होऊन बसला होता.

"काय रे? काय झालं?"

"मी हाक मारत होतो," तो म्हणाला, "आणि पुढून मला कुणीतरी बोलावत होतं. मी त्याच्या मागे मागे गेलो. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, तो माझाच आवाज होता."

एवढं बोलून त्याने वल्हं खाली ठेवलं. मग कितीही विनवलं तरी त्याने ते उचललं नाही.

मानकऱ्याने कपाळावर हात मारला. "झालं! आता कुणी हाक मारायची नाही. धुक्यात जे आहे, त्याला आपणच आपले आवाज देतोय. दारं लावा!"

त्याची स्वतःची बायको पाण्यात होती, म्हणून वाईट वाटतंय तुम्हाला? त्यालाही वाटत होतं. पण भ्यालेल्या माणसाला काहीतरी हुकूम सोडल्याशिवाय राहवत नाही. दारं लागली. गाव चिडीचूप झालं.

गुरव मात्र देवळात गेला. मानकरी आणि आणखी चार जण त्याच्या मागोमाग गेले. गुरवाने देवीच्या पाषाणावर ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. याला कौल लावणं म्हणतात. उजवी पाकळी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही म्हणाली. गुरवाने विचारलं, "आई, आमच्या बायका परत येतील का?"

सगळे पाकळ्यांकडे डोळे लावून बसले. उजवी पडली नाही. डावीही पडली नाही. बसून बसून पायांना मुंग्या आल्या, तरी पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. तिकडे खाडीत भरतीचं पाणी चढायला लागल्याची खळखळ ऐकू येऊ लागली.

"देवीनं तोंड फिरवलं," मानकरी म्हणाला. "उठा रे. इथं बसून काय होणार?"

"तोंड फिरवलं कसं म्हणता?" गुरव म्हणाला. "नाही म्हणायचं असतं, तर डावी पाकळी पाडायला तिला कितीसा वेळ लागला असता? तिनं नाही म्हटलेलं नाही. कौल लावलाय. तो सुटेपर्यंत गुरवानं उठायचं नसतं आणि गाऱ्हाणं थांबवायचं नसतं. तुम्ही जा. मी बसतो."

"म्हाताऱ्या, वेड लागलंय तुला!"

"लागू दे की. माझी लेक पाण्यात आहे. शहाणपण घेऊन मी काय करू?"

माणसं पायऱ्या उतरून गेली. गुरव एकटा राहिला. त्याने देवळाचे दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकले आणि हात जोडून, पोटातून आवाज काढून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा आई माउली! तुझ्या नऊ लेकी पाण्यात अडकल्यात, त्यांची वाट मोकळी कर, महाराजा!"

आणि तो थांबला. गाऱ्हाण्याची रीतच तशी असते. गुरवाने मागणं मागायचं आणि थांबायचं, मग सगळ्या गावाने एका तोंडाने "व्हय महाराजा!" म्हणायचं. आपल्याच गाऱ्हाण्याला आपणच व्हय म्हणायचं नसतं. त्या दिवशी व्हय म्हणायला देवळात कुणीच नव्हतं. तरी गुरव तेवढा वेळ थांबला. मग पुढचं मागणं मागितलं, पुन्हा थांबला.

धुक्याने तेही उचललं. समुद्राकडून त्याच्याच आवाजात गाऱ्हाणं येऊ लागलं, "बा आई माउली... नऊ लेकी पाण्यात..." गुरवाला रडू आलं. म्हातारा माणूस, त्याच्या घशाला कोरड पडली होती. एकदा त्याच्या मनात आलं, उठावं, दार लावावं, कानात बोळे घालावेत. पण दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. त्याने डोळे पुसले. मागणं मागितलं. थांबला.

आणि त्या थांबलेल्या जागेत, दुरून, अगदी बारीक आवाजात उत्तर आलं, "व्हय महाराजा..."

गुरव कान देऊन बसला. पुन्हा मागणं, पुन्हा थांबणं, आणि पुन्हा, "व्हय महाराजा!" एकीचा नव्हे, अनेकींचा आवाज.

एवढ्यात मानकरी धापा टाकत पायऱ्या चढून आला. त्यानेही ऐकलं होतं. "माझी बायको! गुरवा, त्यात माझ्या बायकोचा आवाज आहे! का हेही त्याचंच सोंग?"

"नव्हे," गुरव कुजबुजला. "धुक्यातलं ते, आपण बोललो तेवढंच परत बोलतं. तारी काय म्हणाला, आठवा. आणि आज सकाळपासून गावात व्हय महाराजा कुणी म्हटलंय का? मग ते त्याला येणार कुठून? बोलणाऱ्या आपल्याच बायका आहेत."

मानकऱ्याने बायकोच्या नावाने हाक मारायला तोंड उघडलं. गुरवाने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "अहो, हाक नको! आणि चुकूनसुद्धा व्हय म्हणू नका. तुम्ही म्हणालात की ते शिकेल, मग खरं उत्तर कुठलं ते कळायचं नाही."

हळूहळू सगळं गाव देवळात येऊन बसलं. सगळ्यांनी पदर, उपरणी तोंडात कोंबली होती. जन्मभर ज्या गाऱ्हाण्याला ओरडून व्हय म्हटलं, त्याला गप्प राहणं सोपं नसतं, करून बघा कधी. फक्त गुरव बोलत होता आणि थांबत होता. उत्तर जवळ येत होतं. पाण्याची खळखळ वाढत होती. मध्येच एकदा उत्तर आलंच नाही, तेव्हा मानकऱ्याने दोन्ही हातांनी खांब कवटाळला. पुढच्या मागण्याला ते पुन्हा आलं, टेकाडाच्या अगदी पायथ्यापासून.

मग पायऱ्यांवर ओली पावलं वाजली. एकमेकींचे हात घट्ट धरलेल्या, गळ्यापर्यंत भिजलेल्या नऊच्या नऊ जणी धुक्यातून बाहेर आल्या. गावाने तोंडातले बोळे काढले आणि सगळे एकदम रडले. मानकरी तर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

थोड्या वेळाने तो गाभाऱ्याशी गेला. त्याला पाकळी बघायची होती. दोन्ही पाकळ्या अजून तशाच चिकटून होत्या.

"गुरवा, हे काय? देवीनं उत्तर दिलंच नाही!"

"मानकरी," गुरव म्हणाला, "उत्तर ओल्या लुगड्यांनी दारात उभंय. त्यांना आधी कोरडं काहीतरी द्या."

सगुणा बापाच्या पायाशी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, सकाळपासून चहूकडून हाका येत होत्या. आम्ही ठरवलं होतं, कुठल्याच हाकेला ओ द्यायची नाही. पण गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं नाही असं कुठं ठरलं होतं? ते तोंडातून आपसूक गेलं. समुद्राकडूनही तुझाच आवाज येत होता. पण तिकडचं गाऱ्हाणं एका दमात पुढं जायचं, आमच्यासाठी थांबायचं नाही. तू थांबायचास. जिकडचा आवाज थांबला, तिकडं आम्ही चाललो."

मग तिने बापाकडे रागाने बघितलं. "पण एवढ्या पाण्यात तू शिरलास कशाला? या वयात?"

"मी?" गुरव म्हणाला. "मी गाभारा सोडला नाही, पोरी."

"मग सगळ्यांत पुढे मी होते," सगुणा हळूच म्हणाली. "मागच्या हातानं मी मानकरणीला धरलं होतं. पुढच्या हाताला धरून मला आणलं, ते कुणी?"

गुरवाने लेकीचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. तो हात कुणाचा होता, ते मीही सांगणार नाही, कारण मला माहीत नाही.

दुपार कलताना धुकं जसं आलं तसं चालत निघून गेलं. त्यानंतर त्या गावावर संकटं आली नाहीत असं नाही. साथ आली, वादळं आली. पण दारं लावून बसायचा हुकूम मानकऱ्याने पुन्हा कधी दिला नाही. संकट आलं की तो स्वतः सगळ्यांच्या आधी देवळाच्या पायऱ्या चढायचा, गुरवासमोर बसायचा आणि गाऱ्हाण्यातल्या त्या थांबलेल्या जागेत कान देऊन ऐकायचा.

बोध: भीती उत्तरासाठी थांबत नाही, श्रद्धा थांबते, म्हणून आशेचं उत्तर तिलाच ऐकू येतं.