इंजिन काढून दिलं

कऱ्हाडच्या शशिकला तांबवे म्हणजे निवृत्त नर्स. त्यांची छोटी लाल गाडी जुनी झाली होती, पण नवऱ्याला डायलिसिसला न्यायला तेवढाच आधार होता. एकदा चालता चालता ती टकटक वाजू लागली. बाई घाबरल्या आणि थेट शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेल्या.

गॅरेजचे मालक शिरगुप्पेसाहेब केबिनच्या दारातूनच ओरडले, "आत येतानाच ऐकलं मी. इंजिन गेलं बाई! बदला, नाहीतर गाडी भंगारात घाला."

"अहो, बॉनेट तरी उघडून बघा."

"गरज नाही. माझे कान कधी फसत नाहीत."

दवाखान्यात हात न लावताच रोग सांगणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलला टाकली.

"बरं. मग गेलेलं इंजिन उगाच कशाला चालवू? तुम्हीच जरा फाटकापर्यंत ढकला."

चार गिऱ्हाइकं बघत होती, नाही कसं म्हणणार? साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि जोर लावला. गाडी हलली. टक. टक. टक.

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "इंजिन तर झोपलंय, साहेब. मग वाजतंय काय?"

साहेब ढकलायचे थांबले. बाईंनी उतरून आवाज येत होता त्या चाकावरची प्लॅस्टिकची टोपी उचकटली, तसा आतून एक खडा घरंगळत बाहेर आला. तो उचलून त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"इंजिन बदला म्हणालात ना? हे घ्या, जुनं काढून दिलं."