ठकूआत्याचं मौन

“पण महाराज, दाब वाढवतं ते हृदयच ना?”

शिदबानं छातीवर मूठ आपटली. गडी पैलवान. शिष्य व्हायला मठात आला, पण गर्व तालमीत ठेवायचा विसरला. डॉक्टरनं सांगितलेलं, रक्ताचा दाब उतरेपर्यंत उंचावर चढायचं नाही. आणि उत्सवात शिखरावर निशाण लावायचा मान नेमका त्याचा!

मठाचे महाराज भुंगेबुवा सुपारी कातरत होते.

“हृदय बिचारं हमाल. ढकलतं. नळी आवळायची का सैल सोडायची, ते आतल्या अस्तराला विचार.”

“अस्तर? कांद्याच्या पापुद्र्याएवढं?”

“त्याहून पातळ. पण त्याला कान आहेत. रक्त घासून गेलं की ऐकतं, अन् मागच्या स्नायूला सांगतं... सैल हो.”

“पापुद्रा सांगणार? माझे स्नायू माझ्या बापाचं ऐकत नाहीत!”

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

दुपारी महाप्रसाद. आमच्या मठाची रीत अशी, की दोन्हीकडं गडी हात गुंफून उभे, मधून माणसांची वाट. गड्यांच्या पुढ्यात म्हाताऱ्या, येणाऱ्याला बुक्का लावायला. यंदा बंदोबस्त शिदबाकडं. म्हाताऱ्या फार बडबडतात म्हणून त्यानं सगळ्यांना मौन दिलेलं.

मौन! अन् तेही म्हाताऱ्यांत सगळ्यांत बोलक्या ठकूआत्याला! तिनं तोंड दाबून धरलं होतं, डोळे तेवढे बोलत होते.

गर्दी वाढली. वाटेत माणसं चेंगरायला लागली. कुणाचं धोतर पुढं गेलं, माणूस मागं राहिला.

“आवळा! आणखी आवळा!” शिदबा ओरडला. गड्यांनी हात आवळले. वाटेच्या टोकाला ठेवलेलं खिरीचं पातेलं डुगडुगलं.

बुवा उठले. ठकूआत्याच्या कानाशी लागले.

“आत्या... मौन सुटलं.”

“मागं सरा की रं मुडद्यांनो! माणसं हायत का उसाची मोळी?”

ती बोलल्याबरोबर बाकीच्या म्हाताऱ्याही सुटल्या. गडी दोन्हीकडं दोन पावलं मागं. वाट रुंदावली. माणसं तेवढीच, पण रेटा गेला. खीर वाचली.

पंगती उठल्यावर शिदबा बुवांपुढं येऊन बसला.

“महाराज, माझ्या आतल्या आत्याला मी काय सांगू?”

“सांगू नको. तिला बोलू दे.”

“अन् निशाण?”

बुवांनी अंगणातल्या वृंदावनाकडं बोट केलं. त्यातली तुळस मान टाकून पडली होती.

“डॉक्टरची गोळी तू गिळत नाहीस, रोज तिच्या मुळाशी घालतोस. दाब उतरून चक्कर आली बघ बिचारीला... तिलाच चढव शिखरावर.”