भुरीचा वण

राजे खेचरांच्या पाठीवर तोफा लादून लढायला जात, त्या काळची ही गोष्ट. एका जळालेल्या गावात येसबा नावाच्या शिपायाला ढिगाऱ्याखाली कुत्रीचं पिल्लू सापडलं. आपल्या वाटची अर्धी भाकरी घालून त्यानं ते वाढवलं. त्यानं तिचं नाव भुरी ठेवलं, आणि ती पुढे छावणीची राखण करू लागली. शत्रू चालून आला तेव्हा तिनंच भुंकून फौज जागी केली आणि खांद्यावर भाल्याचा वार झेलला.

लढाई संपली. फौजेचा रिवाज असा, की तापल्या सळईनं राजाचा डाग दिलेलं जनावरच घरी न्यायचं.

"हिच्यावर डाग नाही. हिला इथंच सोडा," सरदार म्हणाला. येसबानं हात जोडले, तरी सरदारानं मान फिरवली.

ते ऐकून तोफ वाहणारं म्हातारं खेचर खाली बसलं. "माझ्या पुठ्ठ्यावर डाग दिलात, तेव्हा मी कोणता पराक्रम केला होता? तिच्या खांद्यावरचा वण तुमच्यापायी आहे. तो दिसत नसेल, तर ही तोफही तुम्हीच न्या."

मागची खेचरंही बसली. चाबूक ओढून सरदाराचा हात दुखला, पण एकही उठलं नाही. अखेर भुरी येसबाबरोबर निघाली.

सरदाराला दया आली, असं लोक सांगतात. खेचर म्हणायचं, दया कसली, तोफ जड होती.