बैलबुजव्या गेनूबाची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. ज्याला नक्की आकडा माहीत होता तो आता सांगायला नाही, आणि मला आकडा सोडून बाकी सगळं माहीत आहे.

आमच्या खडकमाळ गावात तेव्हा गेनूबा नावाचा हलगीवाला होता. गावाची दवंडी त्यानंच द्यायची. हलगी शेकून त्यानं पहिली थाप मारली की तीन कोसांवरची कोंबडी अंडं अर्धं टाकून पळायची, असं म्हणतात. हा गेनूबा पुढं ख्रिस्ती झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेब म्हणाले, "गेनू, तुला एखादं नवं नाव देऊ या."

"नगं साहेब. देव मला गेनू म्हणून वळखतो. उद्या त्यानं नव्या नावानं हाक मारली आन् म्या ओ दिली न्हाई, तर?"

साहेबांनी नाव तेच ठेवलं.

गेनूबाला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रभूची एकच गोष्ट त्याला पाठ होती. एक मुलगी मेली म्हणून घरचे रडत होते. प्रभू म्हणाला, ती झोपली आहे. लोक हसले. प्रभूनं तिचा हात धरून हाक मारली, आणि पोरगी उठून बसली. एवढीच गोष्ट. पण ती सांगताना पोरगी उठली रे उठली की गेनूबा हलगीवर अशी थाप हाणायचा की ऐकणारेही उठून उभे राहायचे.

गावात त्याची एक वैरीण होती, तेलघाण्याची ठकूबाई. एकदा गेनूबाच्या हलगीनं तिचा घाण्याचा बैल बुजला, उधळला, आणि तेलाची भरली घागर उंबऱ्यात लवंडली. त्या दिवसापासून ठकूबाईनं त्याचं नाव टाकलं. त्याला ती 'बैलबुजव्या' म्हणायची, देवळापुढं आणि चावडीपुढंसुद्धा.

मग गावात गाठीचा ताप आला.

आधी उंदीर पडले, मग माणसं पडायला लागली. गाव ओस पडलं. लोक माळावर खोपटं घालून राहिले, एकेक घर वेगळं, मध्ये हाकेचं अंतर. पाटलानं दंडक घातला. कुणी कुणाच्या खोपटाकडं जायचं नाही. जाईल त्याचं खोपट जाळीन. आणि ज्या खोपटातून तीन दिवस कुणाची चाहूल लागणार नाही, ते चौथ्या सकाळी आहे तसं पेटवायचं. आत कोण पाहणार? पाटील दुष्ट नव्हता. त्याचे दोन भाऊ चार दिवसांत गेले होते.

तापापेक्षा वाईट होता तो माळावरचा गप्पपणा. शेजारच्या चुलीचा धूर दिसला नाही की माणसं आपलीच काख चाचपून बघायची. कोण आहे, कोण गेलं, कुणाला कळत नव्हतं.

तेव्हा एका सकाळी गेनूबा टेकडीवर चढला आणि त्यानं दवंडी दिली. "ऐका हो! रोज सकाळी म्या एकेकाचं नाव घेणार. ज्यानं त्यानं 'हाय' म्हणायचं. बास!"

आणि तो नावं घ्यायला लागला. इकडून "हाय!" तिकडून "हाय!" कुठं म्हाताऱ्याचं खोकत "हाय", कुठं तान्ह्याच्या वतीनं आईचं "हाय". प्रत्येक ओ आली की सगळ्या माळाला एक श्वास जास्त मिळायचा. सगळ्यात शेवटी, ओढ्यापलीकडं एकटीच राहणारी ठकूबाई.

"ठकूबाई!"

"हाय रं, बैलबुजव्या!"

मरीच्या त्या दिवसांत माळ दिवसातून एकदाच हसायचा, तो तेवढ्या वेळी.

पुढं एका सकाळी ठकूबाईची ओ आली नाही.

गेनूबानं तीनदा हाक मारली. ओढ्याचं वाहणं ऐकू आलं, दुसरं काही नाही. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी पाटील टेकडीखाली येऊन उभा राहिला.

"गेन्या, आता बास. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की मरी परतून अंगावर येती. उद्या खोपट पेटवणार."

"पाटील, निजली असंल."

"तीन दिस?"

"आमच्या प्रभूलाबी लोक असंच हसलं व्हतं."

"मी हसत न्हाई, गेन्या," पाटील म्हणाला, आणि तो खरंच हसत नव्हता. "उद्या तू तिचं नाव घेतलंस, तर माळावरचं एक माणूस तुला ओ देणार न्हाई. तसं सांगितलंय मी सगळ्यांना."

चौथी सकाळ उजाडली. पेटते पलिते घेऊन चार गडी ओढ्याकडं निघाले. गेनूबा टेकडीवर चढला आणि त्यानं पहिलं नाव घेतलं ते ठकूबाईचं. ओ नाही. मग त्यानं एकेक नाव घेतलं. सगळी नावं घेतली. सगळी माणसं जिवंत, सगळी कान देऊन बसलेली, आणि सबंध माळावर एक "हाय" नाही. त्या वेळी झाडावरचे कावळेही चोच मिटून बसले, असं म्हणतात.

गेनूबानं हलगी खांद्याला अडकवली. मग मोठ्यानं म्हणाला, "कुणी ओ देत न्हाई, म्हंजी म्याच मेलो. आन् मेलेल्याला कशाचा दंडक?"

आणि हलगी वाजवत तो टेकडी उतरला, ओढ्यात शिरला. पलितेवाले गडी मागं सरले. मेलेला माणूस हलगी वाजवत अंगावर आला तर तुम्हीही सराल. हलगी भिजली होती, तरी शेकल्यासारखी कडाडत होती, असं म्हणतात.

खोपटात ठकूबाई गोधडीखाली पडली होती. डोळे मिटलेले, ओठांना भेगा. गेनूबानं हलगी खाली ठेवली. तिचा हात धरला. हात तापलेला होता, थंड नव्हता.

"ठकूबाई," तो म्हणाला. दवंडीच्या आवाजात नाही. घरातल्या माणसाला हाक मारावी तसं.

"ठकूबाई, ऊठ."

बाहेर पलिते तडतडत होते. बऱ्याच वेळानं ते ओठ हलले.

"चार दिस ऐकतीया... हळू वाजीव की रं, बैलबुजव्या."

गेनूबा दारात आला. हलगी आत जमिनीवरच राहिली होती. तो नुसता ओरडला, "ठकूबाई हाय!"

आणि कुणाचंही नाव न घेता माळावरून ओ यायला लागली. "म्या बी हाय!" "आमी बी हाय!" सगळ्यात शेवटी एक जाडाभरडा आवाज आला, "पाटीलबी हाय रं!" पलिते आपोआप विझले, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, पाटलानंच ते ओढ्यात बुडवले. मला दोन्ही पटतं.

गेनूबा तिथंच राहिला, तिला पेज पाजत. ताप त्याच्या अंगाला शिवला नाही. हलगीला भ्याला असावा. पाटलानं मात्र शब्द पाळला आणि गेनूबाचं खोपट जाळलं. मग स्वतःच्या हातानं दुसरं बांधून दिलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी गेनूबा गेला. त्या साली ईस्टरच्या सकाळी मंडळी नेहमीसारखी नावं घ्यायला टेकडीवर जमली. हलगी दुसऱ्याच्या हातात होती. एकेकाचं नाव घेता घेता सवयीनं त्याच्या तोंडून नाव गेलं, "गेनूबा!" आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

तेव्हा मागून एक कापरा आवाज आला. ठकूबाई काही ख्रिस्ती झालेली नव्हती. ती पार म्हातारी झाली होती, काठी टेकत टेकडी चढून आली होती.

"हाय रं, बैलबुजव्या!"

तेव्हापासून आमच्याकडं ईस्टरच्या सकाळी, त्या वर्षात गेलेल्या प्रत्येकाचं नाव टेकडीवरून हलगीच्या थापेवर घेतात, आणि सगळा गाव मिळून "हाय!" म्हणतो. शहरातून आलेल्या नव्या पाळकांना हे पहिल्यांदा रुचलं नव्हतं. मग एका वर्षी त्यांची आई गेली. आता सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

शेवटी गेनूबाचं नाव घेतात. तेव्हा लहानथोर, ख्रिस्ती असो नसो, काय ओरडतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि आदल्या संध्याकाळीच गावातले सगळे बैल ओढ्यापलीकडं नेऊन बांधतात.