देशमुखांच्या कुंपणाचे काटे

नांदरखेडला प्लेग आला, त्या वर्षी तुळोबा महाराजांचा मुक्काम त्याच गावी होता. केवढं त्या गावाचं भाग्य! घराघरांत उंदीर पडू लागले, तसं सारं गाव उठून माळावर गेलं आणि पाचटाच्या झोपड्या घालून राहिलं. महाराजही मारुतीच्या देवळातून उठले आणि माळावरच्या एकुलत्या कडुनिंबाखाली घोंगडं टाकून बसले. "महाराज, देव तर गावातच राहिला," कुणीतरी म्हणालं. महाराज म्हणाले, "त्याचं तो बघेल. माझी माणसं इथं आहेत."

त्याच माळावर ठकूबाई सुईणीची झोपडी होती. निम्मं नांदरखेड तिच्या हातांत पहिल्यांदा रडलेलं. बोलावणं आलं की आधी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि मगच अडलेल्या बाईच्या दारात पाऊल टाकायचं, हा तिचा नेम.

आजाऱ्यांच्या झोपड्या ओढ्यापलीकडे होत्या. तिकडे गेलेल्याने पुन्हा माणसांत यायचं नाही, असा दंडक. आणि नेमकी तिकडेच सोनाई कोष्टीण अडकली! नवरा तापाने फणफणलेला, हिचे दिवस भरलेले, आणि एका दुपारी हिला कळा सुरू झाल्या. ठकूबाई धावत निंबाखाली आली.

"महाराज, जाऊ का? सगळे नको म्हणतात."

महाराज म्हणाले, "पोटातल्या लेकराला प्लेग कळतो का गं, बाय? वेळ झाली की ते येणारच. जा. पण परतलीस की अंगावरचं लुगडं जाळायचं, निंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ करायची, आणि अकरा दिवस या झाडापलीकडे एकटीने राहायचं. श्रद्धा आहे म्हणून शिस्त सोडायची नाही."

ठकूबाई गेली. सोनाईला मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. सांगितल्याबरहुकूम सगळं करून ठकूबाई झाडापलीकडे बसली, तोच रंगराव देशमुखांची स्वारी आली. या रंगरावांचा तोरा काय वर्णावा! आपल्या पाच झोपड्यांभोवती त्यांनी छातीइतकं उंच बाभळीचं कुंपण घातलं होतं. ये-जा करायला काट्यांचीच झाप, तीही काथ्याने आतून करकचून बांधलेली. लेक भागीरथी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, म्हणून ही सगळी तयारी.

"काय ठके, बुवाच्या अंगाऱ्याला भिऊन पळाला का प्लेग?" रंगराव लांबूनच म्हणाले. "अकरा दिवस सोड, अकरा महिने झाले तरी माझ्या कुंपणाला हात लावायचा नाही. माझ्या भागूसाठी शहरातून शिकलेली नर्सबाई येणार आहे."

चार माणसं खो खो हसली. ठकूबाईला हसण्याचं काही वाटलं नाही. पण भागूला याच हातांनी तिने जगात आणली होती, तीही पायाळू. ते आठवलं, आणि 'हात लावायचा नाही' हे बोल तिला लागले. महाराजांनी निंबाखाली बसून सगळं ऐकलं.

अकरा दिवस सरले, बारावा उजाडला. महाराजांनी सकाळीच हाक मारली, "ठकूबाई, ऊठ. नखं काढ, अंघोळ कर, धुतलेलं लुगडं नेस. आज तुझं काम आहे."

"कुणाकडे, महाराज?"

"जिथं नको म्हणतात तिथं."

ती कुंपणापाशी पोचते न पोचते तोच आतून भागूची किंकाळी आली! रंगराव येरझाऱ्या घालत होते. नर्सबाईची गाडी नाक्यावरूनच परत पाठवली होती. प्लेगमुळे तालुका बंद, कुणाला सोडत नव्हते. ठकूबाईने बाहेरूनच भागूच्या आईला हाक मारली. "गोदाक्का, पोटावर हात फिरवा. डोकं कुठं लागतंय?"

"डाव्या कुशीत गं!" गोदाक्का रडत म्हणाल्या.

ठकूबाई रंगरावांकडे वळली. "आबासाहेब, मूल आडवं आहे. फिरवावं लागेल. मला आत घ्या, नाहीतर दोन्ही जीव जातील."

"जे सांगायचं ते तिथूनच सांग," रंगराव म्हणाले. आवाज चढाच होता.

"बरं, इथून तर इथून. आधी घरातल्या गाठी सोडा."

अडलेल्या बाईच्या घरात एकही गाठ राहू द्यायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. मग काय धावपळ! भागूचा अंबाडा सोडला. पेट्यांची कुलपं काढली, धान्याच्या पोत्यांची तोंडं सोडली, गाईंची दावी सोडली. गाई कुंपणाच्या आतच उधळल्या, कुणी वळायला गेलं नाही. खुद्द रंगरावांनी पटका सोडला, कमरेचा करगोटासुद्धा सोडला. सूर्य डोक्यावर आला तरी मूल जागचं हलेना. भागूचा आवाज खोल जाऊ लागला.

"सगळ्या सोडल्या!" रंगराव ओरडले. "एक गाठ राहिली नाही घरात."

"एक राहिली आहे, आबासाहेब." ठकूबाईने झापेकडे बोट दाखवलं. "ती तुम्ही बांधलेली आहे. तुम्हीच सोडायची."

रंगराव मग बोडक्या डोक्याने धावत आले. घाईत काथ्या ओढला, तशी गाठ जास्तच आवळली. आतून हाक आली, "आबा..." त्यांनी बोटबोटभर काट्यांची ती झाप दोन्ही मुठींत धरली आणि उपटून बाजूला फेकली. ठकूबाई आत धावली.

भागूच्या पोटावर तिने हात ठेवले. एकदा फिरवून पाहिलं, दोनदा पाहिलं, मूल दाद देईना. वय झालेलं, मनगटं भरून आली. "महाराज, आता तुमचेच हात," ती पुटपुटली. आणि काय सांगावं! तिच्या हातांवर कुणीतरी आपले उबदार तळवे ठेवले. तिने मान वर केली नाही. पोटातलं लेकरू सावकाश वळलं, डोकं खाली आलं, आणि थोड्याच वेळात ट्यांहा करत देशमुखांची नात जन्माला आली.

नातीला घ्यायला रंगरावांनी हात धुतले आणि ते तळव्यांकडे बघतच राहिले. साधा ओरखडासुद्धा नव्हता. "ठकूबाई, मी तर काटे मुठीत धरले होते," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'ठकूबाई' असं पहिल्यांदाच आलं. तिला सकाळची हाक आठवली. ती तशीच निंबाकडे चालू लागली. मागोमाग रंगराव अनवाणी निघाले.

महाराज घोंगड्यावर होते तसेच बसले होते. दोन्ही तळवे रक्ताळलेले, त्यांत बाभळीचे पांढरे काटे रुतलेले. जवळची माणसं घाबरून गेली होती. सकाळपासून महाराज जागचे हलले नव्हते. भर दुपारी बोलता बोलता "हळू रे, रंगा, हळू" एवढंच म्हणाले आणि तळव्यांतून रक्त आलं.

रंगरावांनी पायांवर लोटांगण घातलं. "महाराज, कुंपण माझं, आणि काटे तुमच्या हातांत?"

"तुला नात उचलायची होती ना," महाराज म्हणाले. "माझ्या पाया मागाहून पड. आधी तिच्या पड."

रंगराव वळले आणि त्यांनी सगळ्या माळादेखत ठकूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती बिचारी संकोचून मागे सरली. मग तिच्याच कनवटीचा चिमटा घेऊन रंगरावांनी महाराजांच्या तळव्यांतला एकेक काटा काढला. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

संध्याकाळी ते कुंपण मोडून चुलीत गेलं. त्या सरपणावर पहिला हंडा तापला तो भागूच्या अंघोळीसाठी. दुसरा हंडा रंगरावांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला, ओढ्याच्या काठी नेऊन ठेवला आणि पलीकडे हाक घातली, "सोनाई, पाणी गरम आहे गं. लेकराला घाल."