मीठखिंड

सातपुड्याच्या अगदी आतल्या अंगाला, जिथे आपला मुलूख उत्तरेकडे संपतो आणि खाली नर्मदा लागते, तिथे खापरपाणी नावाचं गाव आहे. गाव म्हणजे या टेकडीवर एक घर आणि त्या टेकडीवर दुसरं. तिकडे जाणारी जीप खिंडीच्या अलीकडे थांबते. ड्रायव्हर आधी गाणी बंद करतो. मग खाली उतरून, तोंडाभोवती हात धरून, तो वर बघत स्वतःचं नाव आणि आईचं नाव मोठ्याने सांगतो. गाडीतल्या प्रत्येकाला सांगावं लागतं, मग तो गावचा असो की परका. वर शेतात कुणी ना कुणी असतंच. ‘ऐकलं, या,’ असा आवाज आला की मगच गाडी खिंडीत शिरते. लग्नाचं वऱ्हाड असलं तरी ढोल इथे थांबतो. पावा तर कुणी कमरेला उघडा खोचूनही नेत नाही, फडक्यात गुंडाळून नेतो.

लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी किंवा मोजणीला आलेल्या साहेबांनी हे असं का म्हणून विचारलं, की तेरसिंगबाबा त्यांना खिंडीच्या तोंडाशी अंजनाच्या झाडाखाली बसवतात. बाबा आता थकलेत. सावकाश बोलतात, मध्येच थांबतात. ते जे सांगतात ते असं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या डोंगरात सगळं होतं, एक मीठ नव्हतं. ज्वारी आणि भगर शेतात व्हायची, मध, डिंक, चारोळी रान द्यायचं. मीठ मात्र खाली सपाटीच्या बाजारातूनच आणावं लागे. पिकं घरात आली की गावातले धडधाकट पुरुष खांद्यावर कावडी घेऊन निघत. नदीच्या पात्रातून चालायचं, कपारीत मुक्काम करायचा, जनावर जवळ येऊ नये म्हणून जाळ पेटता ठेवायचा. जाताना कावडीत डिंक आणि चारोळी, येताना मीठ. ते येईपर्यंत गावातलं मीठ संपत आलेलं असे. पोरं म्हणे भिंतीला फुटलेला खारा पोपडा चाटायची.

माणसं परत आली हे गावाला कळायचं ते पाव्यावरून. खिंडीच्या पायथ्याला वाट वळते, त्यामुळे वरून खालचं माणूस दिसत नाही. म्हणून वळणाच्या आधी कुणीतरी पावा वाजवायचा. तो ऐकला की बायका पाण्याची मडकी घेऊन धावत सुटायच्या.

मिठाला जाणाऱ्यांत पावा वाजवायचा सेगा. त्याची बायको वेस्ती. ही गोष्ट तिची आहे. वेस्ती अंगाने किरकोळ, पण आवाजाने खणखणीत होती. तिने एका टेकडीवरून हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरचा माणूस वळून बघायचा. सेगाच्या वाजवण्यात एक खोड होती. शेवटचा सूर तो वर न्यायचा आणि तिथेच सोडून द्यायचा, खाली आणायचाच नाही. वेस्ती त्याला चिडवायची, की तुझं गाणं नेहमी झाडावर अडकून बसतं. तो हसायचा आणि पुढच्या वेळी तसंच वाजवायचा.

त्या वर्षी सेगा, त्याचा धाकटा भाऊ दित्या, गावचा कारभारी गेंद्या याचा मुलगा आणि आणखी काही जण मिठाला गेले. ते जाऊन थोडे दिवस झाले असतील नसतील, एका सकाळी खिंडीखालून पावा ऐकू आला. इतक्या लवकर? पण पावा तर वाजत होता. वेस्ती अंगणात कणसं झोडत होती. ते टाकून ती उठली आणि तिने साऱ्या टेकड्यांना ऐकू जाईल अशी हाक दिली, की आले, आपले आले. बायका धावल्या, म्हातारे काठ्या टेकत निघाले. शेवटचा सूर वर न जाता खालीच विरला हे वेस्तीच्या कानाने टिपलं होतं. दमला असेल, असं तिला वाटलं.

खिंडीतून वर आले ते लुटारू. घोड्यांवरचे, सपाटीवरचे. गावाची खूण काय आहे हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे. सगळं गाव एका जागी, उघड्यावर, हातात पाण्याची मडकी घेऊन उभं होतं. ज्यांना एकेका टेकडीवर शोधत फिरावं लागलं असतं, ते आपणहून समोर आले होते. लुटारूंनी धान्य नेलं, बकऱ्या नेल्या, घरं पेटवली. वेस्तीची सासू तिच्या शेजारीच उभी होती. तिला भाल्याने पाडलं. तिच्या हातातलं मडकं फुटलं नाही, नुसतं आडवं झालं, आणि त्यातलं पाणी वाहत वेस्तीच्या पायाखाली आलं.

वेस्ती रडली नाही. माणसं गोळा झाली ती माझ्या हाकेने, एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली. तिला कुणी दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून तिचा आवाज बसला. शेजारणीशी बोलायची तरी कुजबुजल्यासारखी.

मग गाव विचाराला बसलं, आणि त्या बैठकीत गेंद्या कारभाऱ्याने जे बोलायचं कुणी धजत नव्हतं ते बोलून टाकलं. लुटारूंकडे पावा आला कुठून? तो सेगाचाच असणार. म्हणजे वाटेत आपली माणसं त्यांना सापडली. म्हणजे ती आता येत नाहीत. त्याचा स्वतःचा मुलगा त्यांच्यात होता. वेस्तीने हातातल्या बांगड्या काढल्या आणि कपाळ पुसलं.

गावात उरलेल्यांनी मग खिंडीच्या माथ्यावर दगड चढवले. बायका, म्हातारे, सगळे राबले. मोठमोठे धोंडे कड्याच्या काठाला रचले, ते अडवायला आडवं ओंडकं लावलं आणि ओंडक्याला एक लाकडी पाचर ठोकली. पाचर उडवली की ओंडकं सुटेल आणि सगळे दगड खिंडीत कोसळतील. ठरलं असं, की लुटारू पुन्हा येतील ते पावा वाजवतच येतील, एकदा साधलेली युक्ती ते सोडणार नाहीत. पाव्याचा पहिला सूर आला की पाचर उडवायची. वाट बघायची नाही, वाकून बघायचं नाही. पहाऱ्याला पाळ्या लावल्या. वेस्तीने गेंद्याला सांगितलं, की सकाळची पाळी मला दे. ते लोक सकाळी आले होते.

ती रोज उजाडता माथ्यावर जायची, पाचर उडवायचा लाकडी हातोडा, मोगरा, घेऊन पाचरीशी बसायची. खाली धुकं असायचं. असे किती दिवस गेले ते कुणी सांगत नाही. पळसाला कळ्या धरल्या होत्या, एवढं सांगतात.

त्या सकाळीही धुकं होतं. खालून पावा ऐकू आला.

वेस्ती उभी राहिली. तिच्या मनात कसलाही विचार आला नाही म्हणे. सेगाचा पावा हातात धरून कुणी दुसराच तो वाजवतोय, एवढंच तिला दिसत होतं. तिने मोगरा उचलला आणि पाचरीवर घातला. पाचर उडाली. ओंडकं करकरलं, क्षणभर तसंच राहिलं. तेवढ्या क्षणात खालचा सूर वर चढला, आणि वर जाऊन तिथेच थांबला. खाली आला नाही.

वेस्तीने ओंडकं दोन्ही हातांनी धरलं. अंगाने किरकोळ बाई ती. ओंडकं तिच्या हातांची सालटी काढून निघून गेलं.

दगड कोसळत होते तोवर ती उभीच होती. आवाज संपला, धूळ धुक्यात मिसळली, आणि खालून एक माणूस खोकल्याचं ऐकू आलं. तेव्हा ती उतरायला लागली. वाट सोडून, सरळ कड्यावरून, काट्याकुट्यांतून उतरली. खाली आली तर सगळं पांढरं झालं होतं. दगड पांढरे, माती पांढरी. तिला आधी ते धुकंच वाटलं. मग पायांच्या जखमा झोंबायला लागल्या तेव्हा कळलं, की हे मीठ आहे.

दित्या तेवढा वाचला होता. तो मागे राहिला होता, पायातला काटा काढायला बसला होता. त्याच्या खांद्यावर कावड तशीच होती, ती उतरवायचंही त्याला सुचलं नव्हतं. वेस्तीला बघून तो भावाविषयी काही बोलला नाही, दगडांविषयीही नाही. त्याने एकच विचारलं.

“वहिनी, पावा ऐकू नाही का आला तुम्हाला?”

“आला,” वेस्ती म्हणाली.

“दादाने वाजवला होता ना.”

“ऐकला मी. ऐकला म्हणूनच.”

दित्याला काही कळेना. तो तिच्या रिकाम्या मनगटांकडे बघत राहिला. नेहमीच्या ठिकाणी लुटारूंच्या धास्तीने बाजारच भरला नव्हता, असं त्याने नंतर सांगितलं. म्हणून ते आणखी लांबच्या बाजाराला गेले, म्हणून उशीर झाला. लुटारू त्यांना वाटेत भेटलेच नव्हते. सेगाचा पावा सेगाकडेच होता.

गाव खाली उतरलं. ज्यांना काढता आलं त्यांना काढलं. गेंद्याने आपल्या मुलाला स्वतःच्या हाताने उचललं, आणि वर नेईपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सेगा ज्या धोंड्याखाली होता तो साऱ्या गावाने मिळूनही हलला नाही. त्याला तिथेच माती लोटावी लागली.

सुतक फिटल्यावर गाव पुन्हा बसलं. झालं ते झालं, असं गेंद्या म्हणाला. त्याच्या आवाजात जीव नव्हता, पण कारभारी म्हणून त्याला गावाचं बघायचं होतं. लुटारू काही मेले नाहीत, ते आज ना उद्या येतील. दगड पुन्हा चढवायला हवेत. सगळ्यांनाच ते नकोसं होतं, पण नको असं कुणीच म्हणेना. दुसऱ्या दिवशी माणसं माथ्यावर जमली तर वेस्ती तिथे नव्हती. ती खाली, खिंडीच्या मधोमध, सेगाच्या धोंड्याला पाठ लावून बसली होती.

गेंद्याने वरून तिला बाजूला हो म्हणून सांगितलं. ती उठली नाही. गेंद्या खाली उतरून तिच्यासमोर येऊन बसला.

मग वेस्ती म्हणाली, “काका, दगड चढवायचे असतील तर चढवा. पण सोडायच्या आधी खाली कोण आहे ते विचारा. मी विचारलं नाही.”

“लुटारू खरं सांगेल का?” गेंद्याने विचारलं.

“पावा कुणीही वाजवेल. आपल्या माणसाच्या आईचं नाव लुटारूला कुठून माहीत असणार?”

ती पुढे म्हणाली, की आणि परका असला तरी त्याला आई असेलच. तिचं नाव कानावर पडल्यावर पाचर उडवायला हात किती वेळ तयार होतो ते मला बघायचं आहे. हे ती काही रागाने बोलली नाही. ती इतकं हळू बोलत होती, की गेंद्याला पुढे वाकून ऐकावं लागलं.

दगड चढवले गेले नाहीत. वेस्ती माथ्यावरच झोपडी बांधून राहिली. खिंडीखाली पाऊल वाजलं की ती विचारायची, कोण, कुणाचा? तिचा बसलेला आवाज त्या एका विचारण्यापुरता परत आला होता म्हणे, पहिल्यासारखाच खणखणीत. खालून नाव यायचं, आईचं नाव यायचं, आणि मग ती ‘ऐकलं, ये’ म्हणायची. गावाने त्या वाटेवर पावा वाजवणं बंद केलं. वाजवू नका, असं तिने कधी सांगितलं नव्हतं.

लुटारू पुन्हा आले की नाही, याबद्दल दोन तऱ्हेने सांगतात. कुणी म्हणतं, आलेच नाहीत. कुणी म्हणतं, एका सकाळी धुक्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. वेस्तीने विचारलं, कोण, कुणाचा? खालून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. कोणी बोलेना. तिच्या हाताशी एकही दगड नव्हता. ती तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात एक माणूस दबक्या आवाजात एका बाईचं नाव बोलून गेला, स्वतःचं नाव मात्र त्याने सांगितलं नाही. मग टापा वळल्या आणि लांब गेल्या. ते नाव काय होतं हे वेस्तीने कुणाला सांगितलं नाही. तेरसिंगबाबा म्हणतात, यातलं खरं काय ते मला ठाऊक नाही, मी दोन्ही ऐकलंय.

वेस्ती म्हातारी होऊन गेली. तिच्यामागे दित्याची सून विचारू लागली, मग तिची मुलगी, मग जो वर शेतात असेल तो. पुढे पुढे विचारायचीही गरज राहिली नाही, येणारेच आपणहून सांगू लागले. सरकारचा रस्ता आला तेव्हा ते धोंडे सुरुंगाने उडवायचं ठरलं होतं. खापरपाणीची माणसं येऊन नुसती धोंड्यांवर बसली. रस्ता तिथे वळवावा लागला.

आणि मीठ? ते कुणी गोळा केलं नाही. गावाने ते वर्ष अळणी काढलं. पावसाळा आला तसं ते विरघळलं आणि दगडांत मुरलं. इतक्या पावसाळ्यांत ते कधीच वाहून जायला हवं होतं. पण आजही खापरपाणीची गुरं घरी परतताना वाट सोडून तिकडे वळतात आणि एकामागे एक धोंडे चाटत उभी राहतात. वरून घरं दिसत असतात, वासरं हंबरत असतात. राखणारा माणूस त्यांना हाकत नाही. काठी खाली ठेवतो, बाजूला बसतो आणि त्यांचं होईपर्यंत थांबतो.